इंजिनांची सोयरीक

जुन्या गाड्यांच्या कुठल्या इंजिनाचा कुठला भाग दुसऱ्या कुठल्या इंजिनाला बसतो, हे झोपेतून उठवून विचारलं तरी बिनचूक सांगेल असा माणूस मुंब्र्यापासून टिटवाळ्यापर्यंत एकच आहे, आणि तो माझा व्याही आहे. ही गोष्ट मी हल्ली कुणी न विचारताही सांगत असतो. लोक मुलीच्या सासरबद्दल बोलताना फ्लॅट किती खोल्यांचा आणि जावई कुठल्या देशात हे सांगतात. मी मुलीच्या सासऱ्यांबद्दल सांगतो, आणि ऐकणाऱ्याला घाई असली तर त्याला हाताला धरून थांबवतो. आयुष्यभर मी विम्याच्या कचेरीत फायली या टेबलावरून त्या टेबलावर सरकवल्या. आपल्याला एखादी गोष्ट पुरती येते म्हणजे काय, हे मला साठी उलटल्यावर या माणसाकडे बघून कळलं.

पहिली भेट बैठकीची. ठाकुर्लीहून ही मंडळी आमच्या डोंबिवलीच्या घरी आली तेव्हा मी नेमका पेढे आणून गाडी खाली लावत होतो. वर सगळे बसले. मी कडक इस्त्रीच्या सदऱ्यात, वधूपित्याला शोभेल असा किंचित वाकून. पोहे आले. मुलाच्या वडिलांनी बशीला हात लावला नाही. ते खिडकीतून खाली बघत होते. मग अगदी हळू आवाजात म्हणाले, "एक विचारू का? रागावणार नाही ना?"  आता हा माणूस काय मागतो आणि मी कसा नाही म्हणतो, हे मनात जुळवेपर्यंत त्यांनी विचारलं, "ती खालची पांढरी आठशे तुमची?" एके काळी मध्यमवर्गीय घरांसमोर दिसायची ती छोटी गाडी माझी होती, आजही आहे. मी हो म्हटलं. "मघाशी तुम्ही बंद केलीत तेव्हा ऐकलं. तिचा कार्ब्युरेटर तिचा नाही हो. व्हॅनचा आहे. सकाळी खोकत असेल." ती खोकत होती. तीन वर्षं रोज सकाळी खोकत होती आणि तीन मेकॅनिकांनी हवामानाला दोष दिला होता. मुलगा आणि मुलगी एकमेकांशी काय बोलावं या विवंचनेत बसलेली असताना मुलाचे वडील जिना उतरून गेले, आणि अर्ध्या तासाने वर आले ते कोपरापर्यंत काळे हात घेऊन. "पेट्रोलचा जेट बदलावा लागेल, तोवर हवा जरा जुळवून दिलीय," म्हणाले. मग साबणाने हात धुतले, सुपारी फोडली आणि आमचं लग्न ठरलं. म्हणजे मुलांचं ठरलं, पण माझं मन मी तिथेच देऊन बसलो होतो.

ठाण्यात टेंभी नाक्याजवळच्या एका स्पेअर पार्टच्या दुकानात त्यांनी पस्तीस वर्षं काउंटरमागे काढली. ते मेकॅनिक नाहीत. कुणी तसं म्हटलं की ते शांतपणे दुरुस्ती करतात, "मेकॅनिक गाडी बघतो. मी पार्ट बघतो." दुकानात माणूस फडक्यात गुंडाळलेला तुटका तुकडा घेऊन यायचा. तो तुकडा ते तळहातावर घ्यायचे, डोळे मिटायचे, किंचित वर उडवून झेलायचे आणि सांगायचे की हा अमुक सालच्या आधीच्या पद्मिनीचा, डायनॅमोवालीचा, तुमची गाडी अल्टरनेटरवाली आहे, तुम्हाला हा कुणी दिला? पार्टांचे आकडे त्यांना पाढ्यांसारखे पाठ. स्वतःच्या मुलाची जन्मतारीख मात्र पत्रिका छापताना विहीणबाईंना विचारावी लागली. माणसंसुद्धा त्यांच्या लक्षात राहतात ती अशीच. माझ्या थोरल्या भावाचं नाव त्यांना अजून येत नाही. "तुमचे ते डिझेल अँबॅसिडरवाले कसे आहेत?" असं विचारतात. ती अँबॅसिडर भावाने विकून वीस वर्षं झाली.

आणि या सगळ्या ज्ञानाला त्यांनी नातेसंबंधांची शिस्त लावली आहे. पार्टांची नाती चार. सख्खं म्हणजे डोळे मिटून बसवा. चुलत म्हणजे बसतं, पण मध्ये एक वॉशर घालावा लागतो. सावत्र म्हणजे बसल्यासारखं दिसतं आणि घाटात दगा देतं. आणि मानलेलं, म्हणजे कानस मारून, गोडीगुलाबीने, थोडं आपण सोसून, थोडं त्याला सोसायला लावून बसवायचं. आठशे आणि व्हॅन यांच्याबद्दल ते बोलायला लागले की ऐकत राहावं. "आतून दोघं सख्खे. पिस्टन तेच, रिंगा त्याच, व्हॉल्व्ह तेच. पण आठशेत इंजिन आडवं झोपतं आणि व्हॅनमध्ये सीटखाली उभं. झोपायची दिशा बदलली की बाहेरचं सगळं बदललं. तेलाचं भांडं वेगळं, पाण्याचे पाईप वेगळे, मॅनिफोल्ड वेगळा. लोक आतलं साम्य बघतात आणि बाहेर फसतात." नंतरच्या बारा व्हॉल्व्हच्या इंजिनाचा विषय निघाला की आवाज थोडा थंड होतो. "चांगलं आहे. पण त्याचं हेडच वेगळं. आपल्या सहावाल्याशी त्याचं येणंजाणं नाही." एका नवरात्रात आम्ही सगळे देवीच्या दर्शनाच्या रांगेत उभे होतो. विहीणबाई हात जोडून, आमची ही हात जोडून, आणि हे मात्र रस्त्याकडे कान करून. मध्येच रांग सोडून ते एका थांबलेल्या गाडीपाशी गेले आणि आतल्या बाईंना म्हणाले, "ताई, टायमिंगचा पट्टा नवीन घातलात का? एक दात पुढे बसलाय. आज घरी जा, उद्या दाखवा." बाई थक्क. पट्टा आदल्याच दिवशी घातला होता. रांगेतली आमची जागा अर्थातच गेली, आणि पुन्हा शेपटाला उभं राहताना विहीणबाई देवीकडे बघून काहीतरी पुटपुटल्या, ते मी विचारलं नाही.

विहीणबाईंची सहनशक्ती हा खरं म्हणजे वेगळ्या लेखाचा विषय आहे. ठाकुर्लीच्या त्यांच्या दोन खोल्यांत दिवाण आहे, आणि त्या दिवाणाच्या पोटात गाद्या-उशा नाहीत. एकदा मी तिथे दुपारची वामकुक्षी घेतली. कूस बदलली की खालून काहीतरी घरंगळत जाई. उठल्यावर कळलं की मी एका क्रँकशाफ्टवर, तीन वॉटर पंपांवर आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या असंख्य गॅसकेटांवर झोपलो होतो. "कुकरची रिंग मागितली तर आठवडा लागतो," विहीणबाई म्हणाल्या, "आणि कुणाच्या तरी बंद पडलेल्या गाडीची रिंग पाच मिनिटांत काढून देतात." लग्नात मानपानाचं विचारलं तेव्हा या गृहस्थांनी बराच वेळ लाजून शेवटी आमच्या गॅलरीतला एक गंजका डबा मागितला. गाडीच्या आधीच्या मालकाने दिलेल्या जुन्या सामानाचा तो डबा मी भंगारात टाकणार होतो. आमच्या हिने तो घासूनपुसून, शेल्यात गुंडाळून, श्रीफळासकट भर मांडवात त्यांच्या हातात दिला. त्यांनी तिथेच उघडला, एक डिस्ट्रिब्युटरची कॅप उजेडात धरली आणि उपरण्याने डोळे टिपले. भटजी थांबले. फोटोग्राफरला वाटलं मुलाचे वडील भावुक झाले, त्याने भराभर फोटो काढले. अल्बममध्ये तो फोटो आहे, आणि कॅप त्यात फार छान आली आहे.

खाडीवरचे एक नाखवा त्यांना अधूनमधून फोन करतात. त्यांच्या होडीला जुन्या अँबॅसिडरचं डिझेल इंजिन बसवलेलं आहे. एका रविवारी व्याही आमच्याकडे जेवायला बसलेले असताना फोन आला, आणि तो स्पीकरवर होता म्हणून आम्हीही ऐकला. "काका, पाण्याचा पंप मिलत नाय कुठं. चार दिस होरी बांधून ठेवलीय." यांनी आमटीचा भुरका घेतला, डोळे मिटले. "पेट्रोलवाल्या गाडीचा पंप घे. चुलत आहे, बसतो. पुली मात्र तुझीच काढून त्याला घाल, आणि बोल्टाखाली वॉशर दे." पलीकडे कुणाला तरी 'वॉशर बघ रे' म्हणून ओरडल्याचं ऐकू आलं. मग, "काका, तुमी देव हाव." चौथ्या दिवशी त्यांच्या हातून आमच्या दारातही खाडीच्या कोलंबीची पिशवी आली. मी मात्र त्या दिवशी ताटावर बसल्या बसल्या विचार करत होतो की पस्तीस वर्षं नोकरी मीही केली, पण माझ्या सांगण्यावरून कुणाची होडी कधी पाण्यात गेली नाही.

आता माझ्या गाडीबद्दल सांगतो. ती चालवतो मीही, पण ती आहे आमच्या हिची. बावन्नाव्या वर्षी ती या गाडीवर शिकली आणि दुसरी कुठलीही तिला जमत नाही. तिची आई दिव्याला राहते, मेव्हण्याच्या घरी. तिथलं पाणी कधी येतं, कधी येत नाही, आणि आलेलं त्यांच्या पोटाला सोसत नाही. नव्वदीची म्हातारी घर सोडून आमच्याकडे यायलाही तयार नाही. म्हणून ही दिवसाआड पाण्याचे दोन मोठे कॅन मागच्या सीटवर ठेवून डोंबिवलीहून दिव्याला जाते, आईला न्हाऊ घालते, तासभर बसते आणि परत येते. लेक म्हणते नवी गाडी घ्या. पण नव्या गाड्या अंगाने एवढ्या रुंद की दिव्याच्या त्या गल्लीत शिरत नाहीत. आठशे शिरते. दोन्ही बाजूंना वीतभर जागा उरते आणि ती वीत आमच्या हिला पाठ झाली आहे.

या गाडीचं इंजिन मी मारलं. दुसरा शब्द नाही. काही वर्षांपूर्वी घोडबंदर रोडवर तापमानाचा काटा वर चढलेला मला दिसत होता, आणि मी 'आलंच की घर' म्हणत ती तशीच हाकली. कापूरबावडीपाशी आतून जो आवाज आला तो मला अजून आठवतो. व्याही आले, बॉनेट उघडलं, काठी आत घालून तेल बघितलं आणि ती फडक्याने पुसून परत जागेवर ठेवली. ते रागावले असते तर बरं वाटलं असतं. ओळखीच्या गॅरेजात गाडी ओढून नेली. ब्लॉकला तडा गेला होता, हेड वाकलं होतं. दहा दिवस ते ठाणे, कल्याण, भिवंडी पालथं घालत होते. रोज फोनवर सांगायचे, "व्हॅनचं मिळतंय. बसवताही येईल, पण मला धीर होत नाही. वहिनी एकट्या जातात." इकडे आमची ही रिक्षाने कॅन नेत होती आणि पाठीला पट्टा बांधत होती. बाराव्या दिवशी गाडी दारात उभी राहिली. आवाज असा की सुरू आहे का ते वाकून बघावं लागे. "जुन्यातलंच एक मिळालं," एवढंच म्हणाले. पैसे विचारले तर तेलाचे घेतले. त्याच सुमारास त्यांनी स्वतःची निळी आठशे कापडाखाली झाकून ठेवली आणि रिक्षाने यायला लागले. विचारलं तर म्हणाले, डोळ्यांना आता गर्दी सोसत नाही. डोळे त्यांचे माझ्याहून चांगले होते, पण ते मला तेव्हा सुचलं नाही.

मग यंदा गाडीची नोंदणी वाढवायची वेळ आली. जुन्या गाड्यांना दर पाच वर्षांनी आरटीओत उभं राहावं लागतं. तपासणारा तरुण साहेब सभ्य होता. ब्रेक बघितले, दिवे बघितले, इंजिनावरचा आकडा पुसून पुस्तकाशी ताडून बघितला, पुन्हा पुसला, पुन्हा बघितला. "काका, हे इंजिन या गाडीचं नाहीये. नंबर मॅच होत नाही." मी म्हटलं, बदललंय. "मग ज्या गाडीचं आहे तिचे पेपर आणा. नसतील तर मी पास नाही करू शकत. भंगारातच द्यावी लागेल हो." शेजारी आमची ही उभी होती.  तिने फक्त गाडीच्या टपावर हात ठेवला.

माझा स्वभाव तापट आहे. तिला घरी सोडून मी तडक ठाकुर्लीला गेलो. जिना चढेपर्यंत माझं सगळं ठरून गेलं होतं. जुन्या बाजारातून, कुणाच्या तरी पळवलेल्या गाडीचं इंजिन या भल्या माणसाने भोळेपणाने उचललं असणार. पण तोंडातून निघालं ते वेगळंच. "माझ्या गाडीत चोरीचं इंजिन घातलंत तुम्ही?" मुलीच्या सासऱ्याला, त्याच्या घरात उभं राहून.  ते दिवाणावर बसून राहिले आणि स्वतःच्या तळहातांकडे बघत राहिले. विहीणबाई स्वयंपाकघरातून आल्या. त्यांनी खुंटीवरची किल्ली काढली आणि मला म्हणाल्या, "चला खाली."

खाली त्यांनी निळ्या गाडीवरचं कापड ओढलं आणि बॉनेट वर केलं. आत काहीच नव्हतं. इंजिन असतं तिथे रिकामी जागा होती, स्वच्छ पुसलेली, आणि सुट्या पाईपांची तोंडं एकेक करून फडक्याने बांधलेली. "ह्यांना हिच्या इंजिनासारखं दुसरं मिळालं नाही," विहीणबाई म्हणाल्या. "तुमच्या गाडीचंच साल, तोच साचा. दोन दिवस जेवले नाहीत, मग मलाच म्हणाले, काढतो. तुम्हाला सांगू नको म्हणाले."

मी तिथल्या कट्ट्यावर बसलो. मला माझी लाज वाटली, आणि ती लिहितानाही वाटते आहे. ते मागून खाली आले होते. मी म्हटलं, सांगायचं तरी होतंत. "सांगितलं असतं तर घेतलं असतंत?" ते म्हणाले. "वहिनी आमच्याकडे येतात तेव्हा येताना घरून पाण्याची बाटली आणतात." हे खरं होतं. मुलीच्या सासरचं काही घ्यायचं नाही, हे आमच्या घरातलं जुनं वळण, आणि आम्ही ते मोठ्या अभिमानाने मिरवत होतो. "सगळं बघितलं हो मी," ते पुढे म्हणाले, आणि आता त्यांचा आवाज खरोखर रडवेला झाला होता. "माउंटिंग बघितलं, क्लच बघितला, वायरीसुद्धा रंगाला रंग जुळवल्या. तो नंबर बघायचं सुचलंच नाही. पस्तीस वर्षं पार्टाचा नंबर वाचला. एका सालची हजार इंजिनं असली तरी पार्टाचा नंबर एकच. प्रत्येक इंजिनाला स्वतःचा वेगळा नंबर असतो, हे मला माहीत होतं, पण कधी लागलं नाही. साहेबापुढे तुम्ही चोर ठरायची वेळ आणली मी." चोर मी त्यांना म्हटलं होतं, आणि माफी तेच मागत होते.

मी म्हटलं, इंजिन परत घ्या. तुमची गाडी चालती करा, माझी जाऊ दे. मी मनापासून म्हटलं. त्यांनी एका पाईपाच्या तोंडावरचं सैल झालेलं फडकं पुन्हा बांधलं. मला कळत होतं की परत घालायला त्यांना एक दिवस पुरला असता. मग म्हणाले, "माझी गाडी कुठे जाते? दुधाला आणि देवळात. तुमची दिव्याला जाते." आठवड्याने आम्ही दोघं साहेबासमोर उभे होतो. निळ्या गाडीची नोंदणी रद्द झाल्याशिवाय तिचं इंजिन माझ्या पुस्तकात चढणार नव्हतं. व्याह्यांनी अर्ज वाचला, चष्मा पुसला, पुन्हा वाचला आणि सही केली. साहेबाने विचारलं, "काका, नक्की ना? मग ती पुन्हा रस्त्यावर नाही येणार." ते म्हणाले, "तिचं जे चालायचं होतं ते चालतंय." महिनाभराने निळी गाडी टेंपोवर चढवून नेली. मी गेलो होतो. ते खाली आले नाहीत.

माझी गाडी पास झाली. त्यानंतरच्या पहिल्याच दिव्याच्या फेरीला आमच्या हिने त्यांना बोलावून घेतलं. चहा पाजला, आणि किल्ली त्यांच्या पुढ्यात ठेवली. ते नको नको म्हणाले, मग घेतली. ते चालवत होते, ही शेजारी, मी मागे कॅन सांभाळत. एवढ्या वर्षांत आमच्या गाडीने गिअर बदलला की मला कळायचं. त्या दिवशी कळलं नाही. दिव्याच्या गल्लीत ती दोन्हीकडची वीत त्यांनी पहिल्याच वेळेला सांभाळली. सासूबाईंना आता फारसं ओळखू येत नाही. कॅन घेऊन आलेल्या या माणसाकडे बघून त्यांनी लेकीला विचारलं, "नवा डायवर ठेवलास गं?" मी पुढे झालो, पण त्याआधीच ते हसून म्हणाले, "हो आजी. आजच्या दिवस."

परतताना गल्लीच्या तोंडाशी त्यांनी गाडी थांबवली. बंद केली नाही. आम्हाला वाटलं समोरून कुणी येतंय. कुणी येत नव्हतं. ते नुसते बसून होते, हात चाकावर, मान किंचित कलती. त्यांना काय ऐकू येत होतं मला माहीत नाही, मला त्यातलं काही कळत नाही, पण मी श्वाससुद्धा जपून घेत होतो. मग त्यांनी दार उघडलं, उतरले आणि आमच्या हिला म्हणाले, "वहिनी, आता तुम्ही चालवा. तुमच्या हाताला ती बरी ओळखते." ही सरकून चाकापाशी बसली. मी पुढे आलो. ते मागे, दोन रिकाम्या कॅनच्या मध्ये बसले. रस्ता खडबडीत होता. थोड्या वेळाने मी मागे वळून बघितलं. कॅनचा खडखडाट होऊ नये, इंजिनाचा आवाज नीट ऐकू यावा, म्हणून त्यांनी दोन्ही कॅन दोन हातांनी घट्ट धरून ठेवले होते.